मिटून बसलेलं लेदर कोरल: आधी काय बघायचं, हात कधी लावायचा

समुद्री टँकमधलं लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारख्या मऊ अंगाचं प्रवाळ, दोन दिवस उघडलं नाही की बहुतेक घरांत एकाच संध्याकाळी चार गोष्टी होतात. कोरल दुसऱ्या दगडावर हलवलं जातं, टँकमध्ये आयोडीनचे थेंब पडतात, तीस-चाळीस टक्के पाणी बदललं जातं आणि दिव्याची सेटिंगही बदलते. कोरल मुळात ठणठणीत असलं तरी एवढ्या उलथापालथीनंतर ते आणखी आठवडाभर मिटलेलंच राहतं. खरंच आजारी असलं, तर नेमकं काय बिघडलं होतं याचा मागच उरत नाही.

म्हणून इथे औषधांपेक्षा क्रमाला जास्त जागा दिली आहे. आधी नजर, मग मोजमाप, मग पाणी, त्यानंतर प्रवाह आणि प्रकाश, मग शेजारी. कोरलला प्रत्यक्ष हात लावणं सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल करायचा आणि पुढचा बदल करण्याआधी निदान तीन-चार दिवस थांबायचं. याला अपवाद एकच, तो म्हणजे सडायला लागलेलं कोरल. त्याबद्दल पहिल्या टप्प्यात सांगितलं आहे.

उदाहरणासाठी सार्कोफायटन, म्हणजे टोडस्टूल लेदर घेतलं आहे. जाड देठ, वर पसरट टोपी आणि टोपीभर बारीक पॉलिप, म्हणजे फुलासारखी उघडणारी तोंडं. आपल्याकडच्या घरगुती रीफ टँकमध्ये (कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) नवख्यांचं पहिलं कोरल बहुधा हेच असतं. सिन्युलारिया, मश्रूम, झोआ, झेनिया या दुसऱ्या कोरलच्या बाबतीत जिथे वेगळं वागावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: हे सामान आधी हाताशी ठेवा

कोरल बिघडल्यावर सामान आणायला धावलात की घाई होते, आणि घाईत क्रम सुटतो.

- रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातलं मीठ मोजणारं साधन) आणि ते जुळवून घेण्यासाठी ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावण. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य जुळवलेलं मीटर ३५ च्या आसपास चुकीचं दाखवू शकतं. ज्या आकड्याजवळ मोजायचं, त्याच आकड्यावर ते जुळवून घ्या.
- वेगळा थर्मामीटर. हीटर किंवा चिलरवरच्या आकड्यावर विसंबू नका.
- अमोनिया, अल्कलिनिटी, नायट्रेट आणि फॉस्फेटचे टेस्ट किट. बाटलीवरची मुदत बघा. मुदत संपलेला किट नसलेला बिघाड दाखवतो आणि असलेला लपवतो.
- टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं मीटर.
- अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि जाळीची पिशवी.
- नायट्राइल हातमोजे आणि डोळे पूर्ण झाकणारा गॉगल. झोआ असलेल्या टँकमध्ये हात घालताना हे लागतंच.
- टॉर्च आणि लाल जिलेटिन पेपर. रात्रीच्या तपासणीसाठी.
- तयार केलेलं मिठाचं पाणी, टँकच्या निदान दहा टक्के.

शेवटच्या गोष्टीत सगळ्यात जास्त चुका होतात. १२० × ४५ × ४५ सेंटीमीटरच्या टँकचं माप २४३ लिटर भरतं, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी साधारण २०० लिटर असतं. त्याचे दहा टक्के म्हणजे २० लिटर. सॉल्ट मिक्स ब्रँडप्रमाणे लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम लागतं, म्हणजे एका बादलीला ७२० ते ८०० ग्रॅम. आधी कमी टाका, मोजा, मग वाढवा. मीठ नेहमी पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. छोटा पंप लावून ते पुरतं विरघळू द्या आणि त्याचं तापमान टँकइतकं करून घ्या. आणि ही बादली फक्त टँकचीच असली पाहिजे. कधीकाळी त्यात धुण्याची पावडर भिजवली असेल तर ती घेऊ नका.

> इशारा: कोरडं मीठ थेट टँकमध्ये टाकून क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, वाढवू नका. न विरघळलेला दाणा मऊ कोरलवर पडला की तिथे भाजल्यासारखा डाग पडतो.

## टप्पा १: हात न लावता दहा मिनिटं बघा

दिवे लागून दोन-तीन तास झाल्यावर बघायचं. रात्री आणि दिवे लागल्या लागल्या निरोगी लेदरही आखडलेलं असतं. निळा दिवा बंद करून पांढऱ्या उजेडात बघा, कारण निळ्या उजेडात फिकटपणा आणि डाग दोन्ही लपतात. त्याच जागेवरून, त्याच वेळी रोज एक फोटो काढा. आठ दिवसांनी हे फोटो तुमच्या आठवणीपेक्षा जास्त खरं सांगतील.

आता कोरल खालच्या तीनपैकी कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा.

अ. मिटलेलं, पण घट्ट. पॉलिप आत गेलेत, टोपी गुळगुळीत आणि मेणचट चमकदार दिसते आहे, त्यावर धूळ किंवा शेवाळाचा पातळ थर बसला आहे, पण देठ ताठ आहे. हा आजार नाही. लेदर कोरल ठरावीक काळाने वरचा मेणचट पापुद्रा टाकतं. टाकताना ते काही दिवस, कधी दोन आठवडेही मिटून राहतं आणि पापुद्रा निघाला की पूर्वीपेक्षा छान उघडतं. मोठ्या सिरिंजने लांबून हलका झोत मारायला हरकत नाही. ब्रशने किंवा बोटाने पापुद्रा सोलू नका. खालची त्वचा तेव्हा कोवळी असते.

ब. वाकलेलं, आक्रसलेलं किंवा फिकट. दोन आठवडे उलटले, पापुद्रा दिसत नाही, टोपी लहान होत चालली आहे किंवा देठ एका बाजूला कलला आहे. काहीतरी सतत बोचतं आहे. टप्पा २ पासून क्रमाने जा.

क. गळणारं. काळपट किंवा तपकिरी डाग रोज वाढतो आहे, त्या जागी भाग मऊ पडून ओघळतो आहे, भोक पडलं आहे किंवा पाण्याबाहेर काढल्यावर कुजका वास येतो आहे. इथे वाट बघू नका. अमोनिया मोजा, कार्बन लावा आणि थेट टप्पा ९ वर जा. कारण शोधायचं काम कापून झाल्यावर करा.

> तपासा: टोपीच्या मध्यभागी खळगा असेल तर त्यात वाकून बघा. टोडस्टूलची टोपी मोठी होताना कडा वर वळतात आणि मधल्या वाटीत माशांची विष्ठा आणि न खाल्लेलं खाणं साचतं. ते तिथेच कुजतं आणि त्याच्या खाली गोल तपकिरी डाग पडतो. वरून बघितल्यावर हे रोगासारखं दिसतं. सिरिंजने वाटी साफ केली आणि डागाच्या कडा घट्ट निघाल्या, तर तेवढंच काम होतं. पुढे दर दोन-तीन दिवसांनी वाटी साफ करा.

## टप्पा २: गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं ते लिहा

घरातल्या सगळ्यांना विचारा. टँक सांभाळणाऱ्या माणसाला माहीत नसलेल्या गोष्टी घरात होत असतात.

टँकच्या बाजूने: नवा मासा किंवा कोरल आलं का, दिवा बदलला का, कार्बन किंवा फॉस्फेट काढणारं माध्यम नव्याने भरलं का, आरओची मेम्ब्रेन जुनी झाली का, वाळू खोलवर ढवळली का, वीज बराच वेळ गेली होती का.

घराच्या बाजूने: पेस्ट कंट्रोल, भिंतींचा रंग, फर्निचरचं पॉलिश, जवळ मारलेला झुरळांचा किंवा डासांचा स्प्रे. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात मिसळतात, म्हणून खोलीतली फवारणी पाण्यात पोचते. दिवाळीआधी घरात रंगकाम निघालं किंवा पेस्ट कंट्रोल ठरलं, तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा, टँक झाका, खोली पुरती हवेशीर झाल्यावरच झाकण उघडा आणि त्या आठवड्यात ताजं कार्बन लावा. फिनाइलने फरशी पुसल्यावर तेच हात टँकमध्ये घालू नयेत, हे घरकामाला येणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा. सॅनिटायझर, क्रीम आणि केसांच्या तेलालाही हाच नियम.

> इशारा: माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर दिलं जाणारं तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये कधीही टाकू नका. तांबं अपृष्ठवंशी जीवांना विषारी आहे, शिवाय ते दगडात आणि वाळूत शोषलं जातं. माशांवर उपचार करायचे तर वेगळ्या टँकमध्ये. चुकून टाकलं गेलं असेल, तर तांबं ओढणारं माध्यम आणि लागोपाठ पाणीबदल यांना लगेच सुरुवात करा.

## टप्पा ३: पाणी मोजा, याच क्रमाने

१. तापमान. २४ ते २७ अंश. सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमारास, असं दोनदा मोजा. एप्रिल-मेमध्ये बंद फ्लॅटमधला टँक दुपारी ३० च्या पुढे जातो आणि पहाटे खाली येतो. सकाळीच मोजणाऱ्याला हे कधी कळत नाही.

२. क्षारता. ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट घनता साधारण १.०२६. इथली नेहमीची चूक म्हणजे उडून गेलेल्या पाण्याची भरपाई मिठाच्या पाण्याने करणं. बाष्प होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. २०० लिटरच्या टँकमधून दहा लिटर पाणी उडालं की ३५ ची क्षारता जवळजवळ ३७ होते. त्यात पुन्हा मिठाचं पाणी ओतलं तर आकडा महिनाभर चढतच जातो. टॉप-अप नेहमी शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याने.

३. अमोनिया. शून्यच हवा. थोडासाही दिसला तर मेलेला मासा, गोगलगाय किंवा कुजणारं दुसरं कोरल शोधा.

४. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण. ते डीकेएच या एककात मोजतात. ८ ते ९ डीकेएच सोयीचं. समुद्राचं पाणी ७ च्या आसपास असतं. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. आणि ज्यावर सगळ्यात कमी बोललं जातं ती गोष्ट अशी: दगडी कोरल सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी भराभर वापरतात, मऊ कोरल फार थोडी वापरतात. नुसत्या मऊ कोरलच्या टँकला रोजच्या डोसिंगची गरज सहसा पडत नाही, नियमित पाणीबदल पुरतो. दगडी कोरलवाल्यांचं वेळापत्रक उचलून रोज डोस टाकणाऱ्याच्या टँकमध्ये डीकेएच १२-१३ निघतं, आणि लेदर का मिटलं याचं उत्तर तिथेच मिळतं.

५. नायट्रेट आणि फॉस्फेट. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. इथे शून्य म्हणजे शाबासकी नव्हे. मऊ कोरलला पाण्यात थोडं खत लागतं. दोन्ही शून्यावर आले की कोरल फिकट पडतं, आक्रसतं, आणि डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी, बुडबुडेदार चिकट थरही तिथेच फोफावतो.

कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएमच्या आसपास असेल तर त्यात वेळ घालवू नका. आयोडीन मोजल्याशिवाय टाकू नका. ते थोडं कमी पडल्याने जेवढं बिघडतं, त्यापेक्षा जास्त झाल्याने बिघडतं.

> तपासा: एखादा आकडा फारच वेगळा आला तर त्यावर लगेच उपाय करू नका. नळी धुऊन पुन्हा मोजा. पुन्हा तोच आला तर दुसऱ्या किटवर मोजून बघा.

## टप्पा ४: पाणी दुरुस्त करा, पण सावकाश

वाईट आकडा चांगला करताना बसणारा धक्का हा कोरलसाठी दुसरा आजारच असतो. त्यामुळे वेगाच्या मर्यादा पाळा:

- क्षारता: दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त बदल नको.
- अल्कलिनिटी: दिवसाला अर्धा, फार तर १ डीकेएच. जास्त झाली असेल तर डोस थांबवा आणि तिला आपोआप उतरू द्या.
- पाणीबदल: एका वेळी १० ते १५ टक्के. अमोनिया किंवा विषबाधेचा संशय असेल तेव्हाच यापेक्षा मोठा.
- नायट्रेट-फॉस्फेट शून्य असतील तर फॉस्फेट काढणारं माध्यम बंद करा आणि माशांचं खाणं थोडं वाढवा. जास्त असतील तर माध्यम निम्म्या मात्रेने सुरू करा. एका रात्रीत ते खाली आणू नका.

तापमानासाठी टँकवर पंखा लावला तर पाणी उडण्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो, पण हे कोरड्या हवेत. पुण्या-नाशिकच्या एप्रिलमध्ये पंखा छान काम करतो. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट मे महिन्यात तो जेमतेम पुरतो, तिथे चिलर किंवा खोलीचा एसी लागतो. पंखा लावल्यावर टॉप-अपचं पाणी दुप्पट लागू शकतं, हे विसरलात तर तापमान सुधारता सुधारता क्षारता बिघडेल. बर्फाच्या बाटल्या सोडल्याने तापमान खाली-वर होत राहतं. वीज गेल्यावरच्या आणीबाणीत ठीक, रोजचा उपाय म्हणून नको.

पाण्याचा स्रोत हा इथला मोठा घोटाळा आहे. स्वयंपाकघरातलं पिण्याचं आरओ टँकसाठी पुरेसं नाही. त्या यंत्रात बहुधा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, जे चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. मीटर लावून बघा. आकडा ३०, ५०, ८० काहीही निघतो. रीफसाठी डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून) काढलेलं, टीडीएस शून्य असलेलं पाणी हवं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर रेझिन लवकर संपतं, म्हणून दर भरण्याला मीटर लावा. किनाऱ्यावरून भरून आणलेलं समुद्राचं पाणीही नको. शहराजवळ सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे किनाऱ्याची क्षारता उतरते.

कार्बन लावताना ते आरओ पाण्यात काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवा आणि पहिल्या वेळी निम्मीच मात्रा लावा. कार्बन पाण्यातला पिवळटपणा काढतं, पाणी अचानक नितळ होतं आणि तोच दिवा कोरलला जास्त प्रखर लागतो. तीन-चार आठवड्यांनी कार्बन बदला.

आता थांबा. तीन-चार दिवस बाकी काहीही बदलू नका, फक्त फोटो काढा.

## टप्पा ५: प्रवाह

पाणी ठीक असूनही कोरल मिटलेलं असेल तर पुढचा संशयित वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप. लेदरला मध्यम आणि दिशा बदलणारा प्रवाह हवा. उघडलेले पॉलिप कधी इकडे, कधी तिकडे डोलायला हवेत. सगळे एकाच बाजूला सपाट झोपले असतील तर झोत थेट बसतो आहे. तोंड समोरच्या काचेकडे वळवा, म्हणजे पाणी आपटून फुटून कोरलपर्यंत येईल. टोपीवर धूळ बसून राहत असेल तर प्रवाह कमी आहे आणि पापुद्रा निघायलाही तो अपुरा पडेल.

नवा वेव्हमेकर घेण्याआधी जुना उघडा. आतल्या इम्पेलरवर चुन्याचा थर बसून त्याचा जोर कमी झालेला असतो, आणि हे इतकं हळूहळू होतं की रोज बघणाऱ्याला कळत नाही. पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासा, स्वच्छ धुवा, परत लावा. लावल्यावर पहिले दोन दिवस वेग कमी ठेवा. महिनाभर मंद वाऱ्यात बसलेल्या कोरलवर एकदम पूर्ण जोर नको.

मश्रूमना मात्र मंद प्रवाह लागतो. लेदरसाठी जोर वाढवला आणि मश्रूम आक्रसले, तर मश्रूम दगडाच्या आडोशाला जाऊ द्या.

## टप्पा ६: प्रकाश

टोडस्टूलला साधारण ७५ ते १५० पार (कोरलच्या आतल्या शैवालाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो, त्याहून जास्तीचीही सवय त्याला सावकाश होते. मश्रूमला ५० ते १०० मध्ये राहू द्या.

प्रकाश जास्त झाला की वरचा भाग फिकट, मग पांढरट होतो आणि पॉलिप अर्धेच बाहेर येतात. कमी पडला की देठ दिव्याकडे लांबत जातो आणि टोपी लहान राहते. दोन्हीत कोरल मिटतं, म्हणून मिटण्यावरून निदान करू नका. रंग आणि देठ बघा.

नवा एलईडी लावला असेल तर निम्म्या तीव्रतेवर सुरुवात करा आणि आठवड्याला पाच-दहा टक्के वाढवा. पार मीटर छंदातल्या कोणाकडून दिवसभरासाठी मागून घ्या. मोबाइल अ‍ॅपचे आकडे आपल्याच टँकमधल्या दोन जागांची तुलना करण्यापुरते ठीक.

> इशारा: जागा बदलायची तर एकदाच बदला आणि दोन आठवडे हलवू नका. रोज थोडं पुढे-मागे करणं हे कोरल न उघडण्याचं स्वतंत्र कारण आहे.

## टप्पा ७: शेजारी आणि त्रास देणारे

लेदर कोरल दंश फारसा करत नाही, रसायनं सोडतं. सार्कोफायटन आणि सिन्युलारिया पाण्यात टर्पीन वर्गातली संयुगं सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतात. लहान टँकमध्ये दोन मोठी लेदर, झेनिया आणि दगडी कोरल एकत्र असतील तर सगळ्यांचीच तब्येत कुरबुरत राहते. कार्बन सतत ठेवा, आणि दोन कोरलमध्ये दोन्ही पूर्ण उघडल्यावरही १०-१५ सेंटीमीटर अंतर राहील असं बघा. प्रवाहाच्या दिशेने लेदरच्या लगेच मागे नाजूक कोरल ठेवू नका.

मग दिवसा अर्धा तास लांब बसून बघा. जवळ गेलात की मासे तुमच्याकडे येतात आणि आपलं काम थांबवतात. क्लाउनफिश लेदरलाच अ‍ॅनिमोन मानून त्यात लोळत असेल, एंजलफिश पॉलिप टोचत असेल किंवा देठाशी एप्टेशिया (दंश करणारा छोटा उपद्रवी अ‍ॅनिमोन) उगवलेला असेल, तर कारण सापडलं. क्लाउनफिशच्या लोळण्याची मोठ्या लेदरला बहुतेक वेळा सवय होते. तळहाताएवढ्या फ्रॅगला, म्हणजे कापून लावलेल्या छोट्या तुकड्याला, ती होत नाही.

दिवे गेल्यावर तासाभराने लाल जिलेटिन लावलेल्या टॉर्चने बघा. देठाच्या बुंध्याशी, टोपीच्या खालच्या बाजूला आणि घड्यांमध्ये न्यूडिब्रँक, म्हणजे कोरल खाणाऱ्या बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी, लपलेले असतात. जे कोरल खातात, त्याच्याच रंगाचे असतात. त्यांची पांढरी, जेलीसारखी अंड्यांची वेटोळी शोधणं सोपं जातं. झोआ मिटलेले असतील तर पॉलिपच्या मध्ये चपट्या सनडायल गोगलगायीही शोधा.

> गंभीर इशारा: झोआ आणि विशेषतः पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि गॉगलशिवाय त्यांना हात लावू नका, कापू नका. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका, हवेत ब्रशने खरवडू नका. वाफेतून आणि तुषारांतून झालेल्या विषबाधेने अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेलेली आहेत. हाताळल्यानंतर तोंडाला कडवट धातूची चव, धाप, ताप, अशक्तपणा किंवा डोळ्यांची जळजळ जाणवली तर तडक रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना "पॅलिटॉक्सिन" हा शब्द सांगा.

## टप्पा ८: डिप, कारण सापडलं तरच

कीड दिसली किंवा जखमेत संसर्गाची चिन्हं असली तर डिप, म्हणजे कोरल थोडा वेळ औषधी द्रावणात बुडवणं. "करून बघूया" म्हणून डिप नको.

टँकचंच पाणी स्वच्छ भांड्यात घ्या. तापमान तेच राहू द्या. डिपचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत आणि तितकाच वेळ. दोन वेगळी डिप एकत्र करू नका. सिरिंजने घड्यांमधून झोत मारत राहा आणि भांड्याच्या तळाशी काय पडतं ते बघा. मग टँकच्याच पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात कोरल खळबळून घ्या आणि परत ठेवा. डिपचं पाणी टँकमध्ये जाता कामा नये.

अंडी डिपने मरत नाहीत. ती चिमट्याने किंवा जुन्या टूथब्रशने काढा, तेही भांड्यातल्या पाण्याखालीच. पाच ते सात दिवसांनी पुन्हा डिप करा, मग आणखी एकदा. एकाच डिपवर थांबणाऱ्याकडे महिन्याभरात तीच कीड परत दिसते. झेनिया आणि अँथेलियाला डिप मानवत नाही, त्यांच्या बाबतीत फक्त टँकच्या पाण्याचा झोत.

## टप्पा ९: कापणं

सडका भाग बरा होत नाही, तो पुढे सरकतो. लेदरचं एक मोठं बळ असं की टोपी पूर्ण गेली तरी निरोगी देठातून नवी टोपी फुटते. म्हणून अर्धवट कापून वाचवण्याचा मोह धरू नका.

१. हातमोजे, गॉगल. नवं सर्जिकल ब्लेड. कात्रीने भाग चिरडतो.

२. कोरल दगडासकट टँकबाहेर, टँकच्या पाण्याच्या भांड्यात घ्या. टँकमध्ये कापलं तर सुटणारी रसायनं आणि चिकट स्राव सगळ्यांना बाधतात.

३. डागाच्या कडेवर कापू नका. त्याच्या बाहेर निदान एक सेंटीमीटर निरोगी भाग घेऊन एका सरळ घावात कापा. कापलेली बाजू आतून एकसारखी, घट्ट आणि फिकट रंगाची दिसायला हवी. तपकिरी रेषा किंवा मऊ ठिपका दिसला तर आणखी खाली कापा.

४. ताज्या पाण्यात खळबळा, हवं तर आयोडीनयुक्त डिप बाटलीवरच्या मात्रेत द्या, आणि मध्यम प्रवाह, कमी प्रकाशाच्या जागी ठेवा.

५. ताजं कार्बन लावा. दुसऱ्या दिवशी दहा टक्के पाणीबदल.

निरोगी तुकडा उरला असेल तर तो वेगळा लावता येतो. सुपरग्लू लेदरच्या चिकट स्रावावर टिकत नाही. तुकडा खडबडीत दगडावर ठेवून वर पांढऱ्या नायलॉन नेटचा तुकडा सैल बांधा. एक-दोन आठवड्यांत तो धरतो, मग नेट काढा. मच्छरदाणीची जाळी वापरू नका, बऱ्याच मच्छरदाण्यांवर कीटकनाशक असतं. रबरबँड घट्ट बांधलात तर ते कोरल कापून बाहेर येईल.

> तपासा: ४८ तासांनी घाव बघा. कडा आत वळून मिटायला लागल्या तर ठीक. घावावर पुन्हा तपकिरी चिकट थर आला तर वाट न बघता आणखी खाली कापा.

## टप्पा १०: सुधारणा होत असताना

पहिल्यांदा देठ ताठ होतो, मग टोपी पसरते, पॉलिप सगळ्यात शेवटी येतात. या क्रमाला दोन ते सहा आठवडे लागतात आणि मधे एखादा दिवस सगळं पुन्हा मिटतं. तेवढ्यावरून पुन्हा पहिल्यापासून उपाय सुरू करू नका, तापमान आणि क्षारता मोजून सोडून द्या. या काळात वरून कोरल फूड ओतायची गरज नाही. लेदरचं बहुतेक पोषण त्याच्या आतल्या शैवालाकडून, म्हणजे प्रकाशातून होतं. जास्तीचं खाणं पाण्यात कुजतं.

टँकमधलं कोरल गेलंच तर त्या जागी मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरून काही खरवडून आणू नका. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि किनाऱ्यावरच्या दगडासोबत येणारी कीड टँकमध्ये शिरली की काढता येत नाही. नवं कोरल टँकमध्ये वाढवलेल्या फ्रॅगवरून घ्या आणि मुख्य टँकमध्ये टाकण्याआधी निदान चार आठवडे वेगळं ठेवा.

कापलेले तुकडे, मेलेलं कोरल आणि डिपचं पाणी खाडीत, नाल्यात किंवा समुद्रात टाकायचं नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर युनोमिया हे झेनियासारखं मऊ कोरल छंदाच्या टँकमधून समुद्रात पोचलं आणि तिथल्या मूळ प्रवाळांवर पसरत गेलं. तुकडे दोन पिशव्यांत बांधून सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्या. डिपच्या पाण्यात ब्लीच मिसळून ते तासभर ठेवा आणि मगच मोरीत ओता. झोआ असलेल्या पाण्यासाठीही हेच, हातमोजे आणि गॉगल घालून, खिडकी उघडी ठेवून.